वसई: गावाचं येशूजन्माचं नाटक बसवायचंय, सल्ला हवा

वसईची लेक
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, यंदा युवकांनी नाताळनिमित्त येशूजन्माचं नाटक करायचं ठरवलंय. चर्चच्या आवारात, उघड्यावर. बालवाडीतल्या पोरांपासून सत्तरीच्या आज्यांपर्यंत चाळीसएक जण काम करायला तयार आहेत. बघायला सहज सात-आठशे माणसं येतील. हाताशी २५ हजार रुपये आहेत, संहिता अजून नाही. कॉलर माइक भाड्याने घ्यावेत का, आणि २४ तारखेलाच मिस्सेआधी (चर्चमधल्या उपासनेआधी) करावं का, यावर आमच्यात दोन तट पडलेत. गावाला एकत्र आणणारं असं काही बऱ्याच वर्षांनी घडतंय. ते नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे.

विंगेतला
ताई, आधी आवाजाचं ठरवा, मग संहिता लिहा. उघड्या आवारात हौशी नटांचं बोलणं पुढच्या दोन-तीन रांगांपलीकडे पोचत नाही. चाळीस जणांना कॉलर माइक परवडणार नाहीत, आणि एकच माइक हातोहात फिरवला की प्रसंगाची लय जाते. आम्ही रंगमंचाच्या कडेला दोन उभे माइक ठेवतो. एक बाई आणि एक पुरुष, दोघं मिळून गोष्ट सांगतात. बाकीचे मूकपणे प्रसंग करतात. संवाद मोजके: देवदूत गाब्रिएल आणि मरियेचा, मेंढपाळांचा, हेरोद राजाचा. पाठांतर कमी होतं आणि कुणी आजारी पडलं तरी दुसऱ्याला ऐनवेळी उभं करता येतं. निवेदक मात्र गावात सगळ्यात चांगलं वाचणारे घ्या. इथे कुणाचा मान राखायला म्हणून निवड करू नका.

संहितेसाठी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा पुरेसा आहे. मेंढपाळ लूकमध्ये आहेत, पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयमध्ये. ज्ञानी किती होते हे मत्तय सांगत नाही, तेव्हा मुलं जास्त असतील तर बिनधास्त आठ जणांचा ताफा आणा.

बंदरावरचा
मला हे तितकं पटत नाही. सगळं आधी रेकॉर्ड करून ट्रॅक लावला तर आवाज स्वच्छ येतो, चुकायची भीती राहत नाही.

विंगेतला
मोठ्यांचं नाटक असेल तर चालेल. लहान मूल मध्येच थांबलं की ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही, निवेदक थांबतो. लाइट गेली तरी निवेदक दोन ओळी मोठ्याने म्हणून लोकांना धरून ठेवू शकतो.

पेटीवाली
गाणी गायनमंडळाकडे सोपवा आणि प्रत्येक प्रसंग गाण्यावर बदला. म्हणजे पडदा लागत नाही. निवेदनात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातल्या चार-पाच ओव्या घ्या. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेलं हे काव्य आपल्याच भाषेतलं आहे, आणि नाताळच्या नाटकाला याहून जवळचं काय असणार? भाषा जुनी आहे, म्हणून आधी ओवी गायची आणि लगेच तिचा अर्थ निवेदनात सांगायचा. मेंढपाळांना मात्र गावच्या बोलीत बोलू द्या, कादोडी असो की वाडवळी. शुभवार्ता आधी रानातल्या माणसांना कळली हे त्या बोलीतून जितकं पोचतं तितकं प्रमाण मराठीतून पोचत नाही.

आणि डिसेंबरात रात्री दव पडतं. पेटी, कीबोर्ड, मिक्सर यांच्यावर छत हवंच. लाकडी रंगमंच ओला झाला की पोरं घसरतात, वर जाजम पक्कं ठोकून घ्या.

बालवाडीच्या बाई
डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं असतात. तारखा आधी विचारून घ्या, नाहीतर तालमीला निम्मी मुलं नसतील. सगळ्यांना रोज बोलावू नका. मेंढपाळ एका दिवशी, ज्ञानी दुसऱ्या, आणि एकत्र तालीम रविवारी मिस्सेनंतर. लोकलने कामाला जाणारे तेवढ्याच वेळात मिळतात. चिमुकल्या देवदूतांना फक्त शेवटच्या प्रसंगात आणा, तोवर आयांजवळ बसू द्या. पंख पुठ्ठ्याचे करा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. मेंढपाळांना घोंगडी आणि मुंडासं पुरतं, कपडे भाड्याने आणायचेच तर हेरोद आणि ज्ञानी लोकांपुरते.

तारखेबद्दल म्हणाल तर २६ घ्या. २४ला घरोघरी फराळाची गडबड, गायनमंडळ मिस्सेच्या तयारीत, आणि आज्या मध्यरात्रीपर्यंत बसून थकतात. २६ला पाहुणेही गावात असतात.

वसईची लेक
२६ वर सगळे राजी होतील असं वाटतंय, फादरांशी आज बोलते. दोन उभे माइकही नक्की. अजून एक: बाळ येशू म्हणून गावातलं तान्हं बाळ घ्यावं असा आग्रह आहे. घ्यावं का?

विंगेतला
नको. थंडी, धूर, स्पीकरचा दणका, इतकं त्या जिवाला सोसवणार नाही. बाहुली घ्या आणि गव्हाणीत बॅटरीचा छोटा एलईडी ठेवा, उजेड मरियेच्या चेहऱ्यावर येईल असा. गोठ्यात पेंढा असतो, तेव्हा मेणबत्ती किंवा हॅलोजन त्याच्या जवळपासही नको. वाळूच्या दोन बादल्या विंगेत भरून ठेवा.

बंदरावरचा
रात्री १० नंतर स्पीकर बंद ठेवावा लागतो, म्हणून नाटक साडेसातला सुरू करा. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज चर्चच्या लेटरहेडवर या महिन्यातच द्या, नाताळात तिथे गर्दी होते.