स्पाइक थांबले, पण सोडियम चॅनेलच अडलं कशावरून?

गोव्यातल्या हणजुणच्या खडकांवरल्या स्पंजाचा अर्क इलेक्ट्रोड बसवलेल्या थाळीतल्या न्यूरॉनवर (चेतापेशींवर) घातला, मिनिटभरात स्पाइक (पेशींचे विजेचे ठोके) थांबले, म्हणजे त्यात सोडियम चॅनेल (सोडियम आत घेऊन स्पाइक घडवणारी पेशीच्या पडद्यातली वाट) अडवणारं रसायन आहे, हा तुमच्या प्रयोगाचा निष्कर्ष घाईचा आहे. आधी मीठ बघा. समुद्राच्या पाण्याची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) साधारण 1000 मिलिऑस्मोल, पेशी ज्यात वाढतात त्या माध्यमाची 300च्या आसपास; शिवाय त्या पाण्यात पोटॅशियम 10 मिलिमोलर. अर्कातलं मीठ नीट काढलं नसेल तर औषध नसतानाही पेशी गप्प होतात. अर्क ज्यात विरघळवला त्या नुसत्या द्रावकाचं कंट्रोल (तुलनेची थाळी) हवंच, डीएमएसओ हा द्रावक असेल तर 0.1 टक्क्याच्या आत.

मग माहीत असलेल्या रसायनांच्या परिणामाशी ठसा जुळवायचा. 1 मायक्रोमोलर टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे आपल्या केंडमाशाचं विष, दिलं की सगळं बंद. इलेक्ट्रोडमधून झटका दिला तरी पेशी उत्तर देत नाही. पेशी-पेशींमधला ग्लुटामेटचा संदेश अडवणारी सीएनक्यूएक्स 10 आणि एपी5 50 मायक्रोमोलर एकत्र दिली तर एकसाथ येणारे बर्स्ट (स्पाइकचे झुबके) जातात, पण तुरळक सुटे स्पाइक राहतात आणि झटक्याला थेट उत्तरही मिळतं. तुमच्या नोंदीत झटका दिलेलाच नाही, तो अर्क धुऊन काढण्याआधी द्या. नंतर दोन-तीनदा माध्यम बदला. स्पाइक परतले नाहीत तर पेशी मेल्या का ते आधी तपासा. एवढं जुळलं तरी कळतो तो रसायनाचा वर्ग. नेमका रेणू ठरवायला अर्काचे भाग पाडून मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंचं वस्तुमान मोजणारी पद्धत) लागतेच.

आणि जुलैतल्या दमट हवेत थाळीचे कॉन्टॅक्ट पॅड (यंत्राला जोडणारे धातूचे ठिपके) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. सगळ्या इलेक्ट्रोडवर अगदी एकाच क्षणी उमटलेला स्पाइक बहुधा पेशींचा नसून फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या विजेचा असतो.