1/8 एलबीसीओ: 40 केल्विनला रोध कोसळतो, पण शून्य का होत नाही?

प्रश्न
लॅन्थॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइड (एलबीसीओ, थरांचा अतिसंवाहक), बेरियम 0.125, म्हणजे 1/8. क्रिस्टल 2 × 0.5 × 0.3 मिमी, पैकी 0.3 मिमी सी-अक्षाच्या, म्हणजे थरांना लंब, दिशेने. चारही कॉन्टॅक्ट वरच्या पृष्ठावर, सिल्व्हर पेस्टचे. लॉक-इन (क्षीण व्होल्टेज टिपणारं उपकरण) 17 हर्ट्झ, 1 मिलिअँपिअर. 54 केल्विनजवळ लहान उडी दिसते, 40 ला रोध झपाट्याने पडतो, मग थोडासा 10 केल्विनपर्यंत रेंगाळतो. माइस्नर संकेत (अतिसंवाहक चुंबकक्षेत्र बाहेर ढकलतो त्याची खूण) मात्र 5 च्या आसपास. सॅम्पल एकजिनसी नाही म्हणायचं का?

प्रतिसाद 1
इतक्यात तसं म्हणू नका. आधी कॉन्टॅक्ट बघा. सी-दिशेचा रोध प्रतलातल्या (थराच्या आतल्या) रोधाच्या 2000 पट धरा. त्याचं वर्गमूळ सुमारे 45. म्हणजे विद्युतप्रवाहाच्या लेखी तुमची 0.3 मिमी जाडी 13 मिमी होते, आणि लांबी फक्त 2 मिमी! प्रवाह खालच्या थरांपर्यंत पोचतच नाही. करंटचे दोन्ही कॉन्टॅक्ट टोकाच्या संपूर्ण बाजूवर, वरपासून खालपर्यंत फासा.

दुसरं, काप तिरका आहे का? 1 अंशाच्या चुकीने सी-रोधाचा 0.0003 भाग मिसळतो. गुणोत्तर 2000 असेल तर मोजलेला आकडा 60 टक्क्यांनी फुगतो. 40 खाली प्रतलाचा रोध नाहीसा होत जातो, सी-रोध तसाच राहतो, त्यामुळे 10 पर्यंत रेंगाळणाऱ्या शेपटीत बहुतेक हाच भाग दिसतो. लाउए चित्र (क्ष-किरणांनी क्रिस्टलची दिशा दाखवणारं) घेऊन चूक 0.2 अंशांच्या आत आणा.

प्रतिसाद 2
मापन निर्दोष केलं तरी हे सगळे तापमानबिंदू एकत्र येणार नाहीत, आणि या पदार्थाचं खरं मोल तिथेच आहे. 54 ला रचना बदलते आणि विद्युतभारांचे पट्टे जमतात. शेजारच्या थरांत हे पट्टे एकमेकांशी काटकोनात असतात. प्रत्येक थर आतून अतिसंवाहक होऊ लागला तरी थराथरांतली जोसेफसन जोडणी (थरांमधून अतिसंवाहक प्रवाह जाऊ देणारा दुवा) त्यामुळे रद्द होते, असं मानलं जातं. 2007 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या गटाने दाखवलेला क्रम असा: प्रतलातला रोध सुमारे 16 केल्विनला शून्य, सी-दिशेचा 10 ला, पूर्ण माइस्नर 4 च्या आसपास. तुमची शेपटी नेमकी 10 ला संपते, म्हणून सी-रोधाचाच संशय येतो.

खात्रीसाठी करंट बदलून बघा. मिसळलेला सी-रोध ओहमचा नियम पाळतो. प्रत्येक थरापुरतं द्विमितीय अतिसंवाहक संक्रमण असेल तर 16 च्या आसपास व्होल्टेज करंटच्या घनाप्रमाणे वाढतं. बेरियम 0.095 चा क्रिस्टल मिळाला तर तोही मोजा. तिथे पट्टे क्षीण आहेत आणि अतिसंवाहकता 32 केल्विनलाच येते.

प्रतिसाद 3
करंट वाढवण्याआधी कॉन्टॅक्ट भाजून घ्या: ऑक्सिजनच्या प्रवाहात 500 °से., अर्धा तास. कॉन्टॅक्टचा रोध 1 ओहमच्या खाली यायला हवा. कच्च्या पेस्टचा 50 ओहमचा कॉन्टॅक्ट 1 मिलिअँपिअरला 50 मायक्रोवॉट उष्णता सोडतो. 5 केल्विनला तेवढ्याने क्रिस्टल थर्मामीटरपेक्षा गरम राहू शकतो आणि व्होल्टेज करंटच्या कितव्या घाताने वाढतं तो आकडा खोटा येतो. वायबीसीओला (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडला) मात्र ही भाजणी तशीच लावू नका, ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं. तिथे आधी कॉन्टॅक्ट भाजायचे, ऑक्सिजन नंतर ठरवायचा.