मधल्या काकांचं काय करायचं

आम्ही वसईचे कॅथलिक. मधले काका, म्हणजे दादा आणि ताईचे पप्पा, कॅनडात वारले, दहनही तिथेच झालं. त्यांच्या रक्षेचं काय करायचं यावर आमच्या घरच्या ग्रुपवर झालेली ही चर्चा. मधली काकी हो म्हणाली म्हणून इथे टाकतोय. नावं काढलीत, नाती तेवढी ठेवलीत. गुड मॉर्निंगचे गुलाब आणि कोणीतरी चुकून पाठवलेलं विजेचं बिल गाळलंय.

मंगळवार, रात्र

दादा (कॅनडा): तिकिटं झाली. मी आणि मम्मी गुरुवारी पहाटे मुंबईत उतरतो. पप्पांना हातातल्या बॅगेतच घेणार. कलश लाकडी आहे, मशीनमधून आरपार दिसतो. दहनाचा आणि मृत्यूचा दाखला वरच्या कप्प्यात ठेवलाय. आता एकच विचारायचं होतं. पप्पा शेवटी दोनदा म्हणाले, मला भुईगावच्या समुद्रात सोडा. शुक्रवारी संध्याकाळी भरती बघून कोणाची होडी मिळेल का?

धाकटी आत्या: 😢 ये बाबा. तीन महिने झाले ना रे?

दादा (कॅनडा): साडेतीन. इतके दिवस हॉलमधल्या शोकेसवर होते. एका बाजूला मम्मीच्या गोळ्यांचा डबा, दुसऱ्या बाजूला वायफायचा राउटर. रोज कामाला निघताना "येतो पप्पा" म्हणायचो.

मास्तरकाका: समुद्रात सोडता येणार नाही.

दादा (कॅनडा): का?

मास्तरकाका: चर्चचा नियम आहे. सविस्तर लिहितो. थांब.

(मास्तरकाका सविस्तर लिहितो म्हणाले की चहा टाकायला वेळ मिळतो. एकोणतीस वर्षं शाळेत आणि तितकीच धर्मशिक्षणाच्या वर्गावर काढलेला माणूस. तेवढ्यात आत्यानं आपलं काम केलं. त्यातला मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना.)

धाकटी आत्या: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* सावधान!! पोपसाहेबांचा नवीन हुकूम. दहन केलेल्या कॅथलिकांसाठी मिस्सा होणार नाही. आपल्या सर्व ग्रुपवर पाठवा.

मी: आत्या, हे खोटं आहे. कुठेही पाठवू नकोस.

धाकटी आत्या: आमच्या रोझरीच्या ग्रुपवर आलं होतं.

मी: म्हणूनच म्हणतो.

मास्तरकाका: दहनाला मनाई नाही. एके काळी होती. १९व्या शतकात इटलीत चर्चविरोधी मंडळींनी दहनाचा प्रचार मुद्दाम चालवला, मेल्यावर काही उरत नाही हे दाखवायला. मिलानच्या दफनभूमीत १८७६ मध्ये दहनगृह उभं राहिलं. रोमनं १८८६ मध्ये बंदी घातली. राग आगीचा नव्हता, त्या घोषणेचा होता. पुढे ती घोषणा विरली, आणि १९६३ मध्ये बंदी उठली. आजच्या धर्मकायद्यातलं कलम ११७६ म्हणतं, दफनाची जुनी चाल पाळावी अशी चर्चची कळकळीची शिफारस आहे, पण दहनाला मनाई नाही. फक्त ते श्रद्धेच्या विरोधात जाणाऱ्या कारणानं निवडलेलं नसावं. तुम्ही तिथे दहन केलंत त्यात काही चुकलं नाही. मृतदेह आणायचा खर्च काय असतो ते मला माहीत आहे.
रक्षेचं मात्र वेगळं. २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत विभागानं स्पष्ट सांगितलं. रक्षा पवित्र जागी ठेवायची, म्हणजे दफनभूमीत किंवा चर्चनं त्यासाठी राखलेल्या जागेत. घरात ठेवायची नाही. हवेत, जमिनीवर, पाण्यात विखुरायची नाही. भावंडांत वाटून घ्यायची नाही. तिचे दागिने, आठवणवस्तू करायच्या नाहीत.

ताई (दुबई): दागिने पण नाहीत?

मास्तरकाका: नाहीत.

ताई (दुबई): *हा मेसेज काढून टाकण्यात आला*

भावोजी (दादर): मी बोललो तर चालेल का? घरातला म्हणून विचारतो. आमच्याकडे बाबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी अस्थी घेतल्या, नाशिकला रामकुंडात सोडल्या, आणि खरं सांगतो, मोकळं वाटलं. माणूस पाण्याबरोबर गेला. मधले काका आयुष्यभर पाण्यावर होते. त्यांनी पाणी मागितलं तर त्यात देवाला राग का यावा?

मी: भावोजी, तुमचं म्हणणं बरोबर जागी लागलंय. उत्तर मास्तरकाकांनी द्यावं, पण पंधरा ओळींत.

मास्तरकाका: दहात देतो. तुमच्याकडे देह म्हणजे उतरवून ठेवलेलं वस्त्र. गीतेतलाच दाखला आहे, त्यामुळे ते वाहत्या पाण्यात देणं तुमच्या विचाराला धरून आहे. आमच्याकडे देह म्हणजे माणूसच. प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आपण दर रविवारी "शरीराचं पुनरुत्थान" म्हणतो, नुसतं आत्म्याचं अमरत्व म्हणत नाही. रोमन लोक दहन करत असतानाही पहिले ख्रिस्ती आपले मृत पुरत होते. मृतांना मूठमाती देणं हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक आहे, भुकेल्याला जेवू घालण्याच्या रांगेतलं. रक्षा झाली तरी तो देहच.

ताई (दुबई): मग देवाला समुद्रातून उठवता येत नाही का?

मास्तरकाका: येतं. जाळून मारलेल्या हुतात्म्यांना उठवेल, बुडालेल्या खलाशांना उठवेल. प्रश्न देवाच्या ताकदीचा नाहीच.

ताई (दुबई): मग कशाचा आहे?

(इथे मास्तरकाका पुन्हा टाइप करायला लागले. मला राहवलं नाही, मी आधी लिहिलं.)

मी: ताई, २ नोव्हेंबरला आपल्या सेमेटरीत काय होतं आठव. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात, आणि पोरं हातातल्या उरलेल्या मेणबत्त्या शेजारच्या कबरीवर लावतात. ती कोणाची ते त्यांना माहीतही नसतं. आपल्या आजीच्या बाजूला एक लहान मुलाची कबर आहे, त्या घरातलं आता इथे कोणी नाही. तरी दर वर्षी तिथे दोन-तीन मेणबत्त्या असतात. मला वाटतं त्या नियमाचा अर्थ एवढाच आहे. तुझे पप्पा फक्त तुझे नाहीत. शोकेसवर ठेवले तर ते तुमच्या घरापुरते. समुद्रात सोडले तर कोणाचेच नाहीत. वीस वर्षांनी दादाच्या पोरीला आजोबांसाठी मेणबत्ती लावायची झाली तर ती कुठे लावणार?

भावोजी (दादर): हे पटलं. म्हणजे मला लागू नाही, पण पटलं.

दादा (कॅनडा): पटतंय मलाही. पण पप्पांचा शब्द आहे रे. ३१ वर्षं बोटीवर काढली त्यांनी. बोटीवर कोणी मेलं तर समुद्रातच देतात ना? मग तेव्हा चर्च काय करतं?

मास्तरकाका: चांगला प्रश्न. समुद्रात दफन मान्य आहे. अमेरिकेतले बिशप तर सांगतात की रक्षासुद्धा जड, बंद पेटीत घालून पेटीसकट समुद्रतळाशी देता येते. विखुरणं नको, दफन हवं. फरक तोच.

दादा (कॅनडा): मग मिटलं की! कलशाला वजन बांधू.

मास्तरकाका: मी अमेरिकेचं सांगितलं. इथे फादरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

मी: उद्या मी जातो फादरांकडे.

बुधवार

धाकटी आत्या: शुक्रवारी किती माणसं धरू? पन्नासभर होतील. मटणाला सांगून ठेवते.

मोठी काकी: शुक्रवार आहे. प्रायश्चित्तकाळ. इस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस.

धाकटी आत्या: अगं बाई, खरंच की. मग मासे. पापलेट?

मी: बाराशेचं पापलेट खाऊन मांस वर्ज्य केलं म्हणायचं. 😄

मास्तरकाका: नियमात मासे बसतात. १४ वर्षांवरच्या प्रत्येकानं त्या दिवशी मांस टाळायचं, इतकंच लिहिलंय. नियम पाळून त्यामागचा हेतू गिळता येतो, हे वसईकरांना शिकवावं लागत नाही.

मोठी काकी: बोंबील आणि भात. ज्याला पापलेट पाहिजे त्यानं घरून खाऊन यावं.

ताई (दुबई): मास्तरकाका, काल मी मेसेज काढला. मी लॉकेट आधीच बनवायला दिलंय. रजा नाही मिळाली मला, शेवटचंही बघता आलं नाही आणि आताही येता येत नाही. एवढंसं काहीतरी माझ्याजवळ असावं असं वाटलं. त्यात श्रद्धेच्या विरोधात काय आहे ते मला खरंच कळत नाही.

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मला वाटलं आता कलमांचा पाऊस पडणार.)

मास्तरकाका: काही विरोधात नाही गं. माझी काल लिहायची पद्धत चुकली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये रोमनं एक उत्तर दिलंय. बोलोन्याच्या कार्डिनलांनी विचारलं होतं. त्यात म्हटलंय की मृताच्या जिव्हाळ्याच्या एखाद्या जागी रक्षेचा अगदी थोडा अंश जपून ठेवावा अशी घरच्यांची विनंती असेल, तर चर्चचे अधिकारी तिचा विचार करू शकतात. लॉकेट त्यात बसेल असं मला वाटत नाही, ते जागेबद्दल बोलतात. पण दार पूर्ण बंद नाही. तू सुट्टीवर आलीस की आपण दोघं बिशप हाऊसला जाऊन विचारू. तोवर लॉकेटमध्ये त्यांचा फोटो घाल. आणि तुझ्या नावानं एक मिस्सा मी शुक्रवारच्या आधीच देतो.

ताई (दुबई): हो काका.

मी: फादरांकडे जाऊन आलो. मी सगळं सांगितलं, १८८६ पासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांना समुद्रातच का जायचं होतं?" मी म्हटलं, बोटीवर होते म्हणून. ते म्हणाले, "हे तू सांगतोयस. त्यांच्या बायकोला विचारलंस?"

दादा (कॅनडा): मम्मीला मी विचारलं नाही खरं. एअरपोर्टवर आहोत. तिच्या हातात फोन देतो.

मधली काकी: समुद्राचं काही नाही रे बाबा. बोटीवरून सुटल्यापासून ते गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरले नाहीत. भुईगावला गेलो तरी गाडीत बसून राहायचे.

मधली काकी: आपल्या कबरीत मोठे आहेत. त्यांच्या शेजारी जाणार नाही म्हणायचे. विहिरीच्या वाटेचं त्यांच्या मनातून गेलं नाही. वाडी वाटली तेव्हा मोठ्यांनी कुंपण घातलं ना, तेव्हापासून. टोरांटोच्या बर्फात बसून त्या वाटेबद्दल बोलायचे.

मधली काकी: मी पोरांना सांगितलं नव्हतं. समुद्र म्हणाले तर समुद्र, असं धरलं.

(यानंतर सत्तेचाळीस मिनिटं ग्रुप गप्प. सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं. मास्तरकाकांचं टायपिंग दोनदा दिसलं आणि गेलं. मोठी काकी, जिच्या नवऱ्याबद्दल हे चाललं होतं, ती ऑनलाइन होती. पहिल्या दिवसापासून कलमं शोधत होतो आम्ही. "कोणत्या कारणानं" हे त्या कलमातच लिहिलेलं, मास्तरकाकांनी ते आम्हाला वाचूनही दाखवलेलं.)

मोठी काकी: नातू टाइप करतोय, मी सांगते.

मोठी काकी: हे जायच्या आदल्या दिवशी फादर आजाऱ्याचं पवित्र तेल लावायला आले होते. मनात कोणाबद्दल काही आहे का विचारलं. हे म्हणाले, भावाला फोन लावा. मी घड्याळ बघितलं. तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजले होते. म्हटलं झोपू दे त्यांना, उद्या लावू.

मोठी काकी: उद्या लावायचा राहिला.

मधली काकी: मला का नाही सांगितलंस गं?

मोठी काकी: काय सांगणार. तुम्ही मयताला आला नव्हतात.

दादा (कॅनडा): मास्तरकाका, पप्पांचा शब्द मोडला तर पाप लागेल का?

मास्तरकाका: आईबापाचा मान राखायची आज्ञा आहे. त्यांचा राग पुढे चालवायची नाही. मी त्या वाटणीत साक्षीदार म्हणून सही केली होती, तेव्हा मला यात जास्त बोलायचा हक्क नाही.

दादा (कॅनडा): मम्मी म्हणते, सेमेटरीत.

मी: मी सेमेटरीतल्या माणसाला फोन केला. कलशासाठी पूर्ण कबर उघडावी लागत नाही, दोन-अडीच फूट खणलं की पुरतं. शुक्रवारी साडेचारला मिस्सा, मग तिकडे.

मोठी काकी: उजव्या बाजूला खणायला सांग. हे डाव्या अंगाला आहेत, मला ठाऊक आहे.

दादा (कॅनडा): बोर्डिंग सुरू झालं. उतरलो की मेसेज करतो.

मोठी काकी: वाटेवरचं फाटक पावसाळ्यात पडलं, ते मी परत लावलं नाही. गाडी मागून आणा. पुढे खड्डे आहेत.

धाकटी आत्या: बोंबील किती किलो सांगू?