नेपाळ चीनकडे झुकला म्हणून एवढा राग कशाला?

आंबेबागवाला:
आमच्या बागेत दर सीझनला राखणीला नेपाळी जोडपं असतं. २०१५ च्या शेवटी भारत-नेपाळ सीमेवर माल अडकला होता तेव्हा दादा रोज रात्री कलमाखाली बसून घरी फोन लावायचा, आई सांगायची सिलेंडर मिळतो तोही अर्धाच भरलेला, चूल पेटवलीय, आणि एप्रिलच्या भूकंपात घराची भिंत पडलेली ती तशीच. पुढे मार्च २०१६ मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली बीजिंगला जाऊन ट्रान्झिट करार, म्हणजे चीनमार्गे माल ने-आण करायचा करार, करून आले तर आपल्याकडे लोक म्हणाले बेईमान. ज्याचं सगळं पेट्रोल-गॅस एकाच दारातून येतं तो दुसरं दार शोधणारच ना!

सीमापार:
नाकाबंदी भारताने केली हे तुम्ही धरूनच चाललात, आपल्या सरकारने ते कायम नाकारलंय. सीमेवरच्या बीरगंजच्या पुलावर मधेशी, म्हणजे तराईतले, भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातले लोक बसले होते, नेपाळच्या नव्या राज्यघटनेत डावललं म्हणून. तराईत चाळीसच्या वर माणसं मेली त्यांचं काय? आणि दुसरं दार कुठाय? कोलकाता बीरगंजपासून साधारण ७०० किमी, चीनचं तियानजिन बंदर ३००० च्या वर. चीनच्या सीमेवरचा रसुवागढीचा पूल तर जुलै २०२५ च्या पुरात वाहूनच गेला.

आंबेबागवाला:
मधेशींवर अन्याय झाला, मान्य. पण १९८९ ला कुठे मधेशी आंदोलन होतं? नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली, व्यापार-ट्रान्झिट करार संपले आणि आपण बहुतेक नाके बंद केले. हे तिथली माणसं विसरलेली नाहीत.

तळ्याकाठी:
दोघांनीही नेपाळमधलं पोखरा शहर बघा. चीनच्या एक्झिम बँकेकडून वीस कोटी डॉलरच्या वर कर्ज काढून विमानतळ बांधला, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन झालं, पण ज्या परदेशी विमानांच्या भरवशावर कर्ज काढलं ती फारशी आली नाहीत, हप्ते मात्र नेपाळी माणसाच्या डोक्यावर. याला भारत-चीनमधला समतोल म्हणायचं? त्यापेक्षा अमेरिकेची ५० कोटी डॉलरची एमसीसी मदत बरी हाताळली, फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेने मंजूर करताना आमची राज्यघटना वरचढ राहील असं लेखी जोडूनच घेतली. चीनशी बोलताना तेवढा ताठ कणा दिसत नाही.

आंबेबागवाला:
पोखऱ्याचं मलाही खटकतं. पण नेपाळमध्ये चिनी कंपनीने बांधलेल्या धरणाची वीज आपण घेत नाही, आणि बांगलादेशला ४० मेगावॅट द्यायची तर तारा आपल्याच, त्या कराराला ऑक्टोबर २०२४ उजाडला. नदी त्यांची, पाणी त्यांचं, मग ती वीज विकायची तरी कुणाला?