टोळक्याच्या मारहाणीत माणूस मेला, तर सगळ्यांना खुनाचंच कलम का नको?

गोदाकाठ
नाशकात कुणाची गाडी घासली, कुणी रोखून पाहिलं, एवढं कारण पुरतं. फोन जातात, पोरं जमतात. समजा, सातपूरला अशा सहा जणांनी एकाला दांडक्यांनी मारलं आणि दुसऱ्या दिवशी तो सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मेला. पोलीस खुनाचं कलम लावतात (पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं ३०२, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेचं १०३) आणि निकाल येतो सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे जीव घेतला पण कायद्याने खून नाही असा. खुनाला जन्मठेपेच्या खाली शिक्षाच नाही. सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागात (इरादा नव्हता, पण जीव जाऊ शकतो हे माहीत होतं) जास्तीत जास्त १० वर्षं, किमान काहीच नाही. ज्या घरातला माणूस गेला त्यांना हा फरक कुठल्या तोंडाने सांगायचा? टोळी करून एकावर तुटून पडलात आणि तो मेला, तर सगळ्यांना खूनच लागला पाहिजे.

सीबीएसकडचा वकील
सेशन कोर्टात फौजदारी खटले चालवतो, आणि मला हे अजिबात पटत नाही. किती जण होते यावर खून ठरत नाही. १९५८च्या विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता, तरी तो खून ठरला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी कसोटी घालून दिली: जीवच घ्यायचा होता हे दाखवायची गरज नाही. तीच जखम करायचा इरादा होता आणि ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी होती, एवढं सिद्ध झालं की पुरे.

म्हणून शवविच्छेदनाच्या अहवालातला १७ क्रमांकाचा रकाना आम्ही ओळीओळीने वाचतो. त्यात अंगावरची प्रत्येक जखम असते: जागा, लांबी, खोली. सरकारी वकील डॉक्टरांना हमखास विचारतात, "यातली कोणती जखम जीव घ्यायला पुरेशी होती?" त्या उत्तरावर खटला फिरतो. मग हत्यार घरून आणलं की तिथलंच उचललं, घाव डोक्यावर की मांडीवर, आधीचं वैर होतं का, हे सगळं पाहतात. अचानक भडकलेल्या भांडणात, आधी काही ठरलेलं नसताना, क्रूरपणा न करता आणि गैरफायदा न घेता झालेला मृत्यू कायद्यानेच खुनातून वगळलाय. चापट मारणारा आणि डोक्यात रॉड घालणारा एकाच मापाने मोजायचे?

गोदाकाठ
सहा विरुद्ध एक, यात गैरफायदा नाही तर काय आहे? आणि "आम्ही फक्त हातपायांवर मारलं" हा बचाव ऐकला की डोकं फिरतं.

आडगाव नाका
तो बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच फेटाळलाय. आंध्रातला पुन्नय्या खटला. जड काठ्यांनी हातपाय फोडले होते, १९ जखमा, नाजूक जागी एकही नाही, माणूस दुसऱ्या दिवशी मेला. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरला होता, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा खूनच ठरवला. कायदा तोकडा नाही. तो नीट वापरला जात नाही, हे माझं दुखणं आहे.

सिडकोतली आई
भीती दुसऱ्या टोकाची पण आहे. फिर्यादीत सहा नावं असतात, त्यातली दोन जुन्या रागातून घुसडलेली असू शकतात. गर्दीत नुसता उभा असलेला पोरगा जन्मठेपेला जायचा का?

सीबीएसकडचा वकील
ताई, भीती रास्त आहे. पाच किंवा जास्त जणांचा बेकायदेशीर जमाव असेल, तर त्यातल्याने स्वतः वार केलाच पाहिजे असं नाही, समान उद्दिष्ट पुरतं. हे १९६४च्या मसालती निकालात आहे. पण त्याच निकालात असंही आहे की मोठ्या जमावाच्या खटल्यात दोन-तीन साक्षीदारांनी सुसंगतपणे नाव घेतलं तरच दोषी धरणं योग्य. बघ्या आणि जमावातला, दोन्ही एकच नाहीत.

मालेगावकर
नव्या संहितेत १०३(२) आलंय ना? पाच किंवा जास्त जणांनी जात, समाज, भाषा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. पण शेजारच्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. कारण काय, तर अफवा. असा प्रकार या पोटकलमात बसवणं अवघड, तिथे पुन्हा जुनीच वाट. शिवाय इथेही आधी "खून" सिद्ध व्हावा लागतोच.

गोदाकाठ
बघ्याला सोडा, मान्य. पण जो हात मागे धरून ठेवतो त्याला मी बघ्या म्हणणार नाही. त्याने धरलं नसतं तर तो माणूस पळाला असता.

सीबीएसकडचा वकील
हात धरणारा बघ्या नाहीच. प्रश्न एवढाच, की धरताना साथीदाराच्या कमरेला कोयता आहे हे त्याला माहीत होतं का. फोनवर बोलावताना काय ठरलं, कोण काय घेऊन आलं, हे कॉल रेकॉर्ड आणि चौकातल्या सीसीटीव्हीतून दिसतं. दुकानदारांच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. तपास अधिकाऱ्याने ते वेळेत ताब्यात घेतलं नाही, की धरणाऱ्यावरचा खुनाचा आरोप साध्या मारहाणीवर येतो. तुमचा राग तिथे काढा, कलमावर नको.