मदत हवी आहे: जुनं होम थिएटर जोडू की टीव्हीच्याच आवाजावर भागवू?
मंडळी, नवा ५५ इंची टीव्ही घेतला. चित्र झकास, पण आवाज डब्यातून आल्यासारखा. स्पीकर २० वॉटचे, तेही तोंड खाली करून बसवलेले. आईला मालिकेतलं बोलणं कळत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर जाहिरात लागली की शेजारी भिंत ठोकतात!

माळ्यावर जुना ५.१ संच (पाच स्पीकर आणि खोल, घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर) पडून आहे. त्याला एचडीएमआय (चित्र-आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलची जोडणी) नाही, ऑप्टिकल (फक्त आवाज प्रकाशाच्या रूपात नेणाऱ्या केबलची जोडणी) आहे. टीव्हीलाही ऑप्टिकल आउट आहे. सेंटर स्पीकरमुळे (टीव्हीसमोर मधोमध ठेवायचा, मुख्यतः संवादांचा स्पीकर) संवाद स्पष्ट होतील ना? हॉल जेमतेम १० बाय १२, मागचे स्पीकर भिंतीलाच टेकतील. सबवूफर बंद ठेवला तर चालेल का? खालच्या घरात तान्हं बाळ आहे.

की सरळ एआरसीवाला (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच घेणारा) साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेऊ? आईला दोन रिमोट जमणार नाहीत, हेही धरा.