वैशाखातही अंगणातल्या बागेत बसता यावे, यासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

चैत्र-वैशाखात बाग जगवावी कशी, यावर येथे पुष्कळ उपयुक्त लेखन झालेले आहे आणि त्यातले बरेचसे मी वाचले आहे. माझा प्रश्न त्याच्या थोडा पुढचा आहे. बाग जगवायची तर आहेच. परंतु मोगरा, अनंत, चाफा, मधुमालती आणि भुईचाफा ही आमच्याकडची सगळी फुलझाडे नेमकी याच दोन महिन्यांत बहरतात, आणि ती बहरलेली असताना आम्हाला मात्र दाराआडून बघत बसावे लागते. बागेचा खरा आनंद घेण्याचे दिवस हेच असावेत, असे मला मनापासून वाटते, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

आमचे पुण्यात बैठे घर आहे आणि मागे साधारण १२ फूट रुंद व १८ फूट लांब असे अंगण आहे. निम्म्या भागात शहाबादी फरशी असून उरलेल्या भागात काळी माती आहे. अंगणाच्या पूर्वेला आमच्याच घराची भिंत आहे, म्हणजे दुपारी एकनंतरचे सगळे ऊन थेट तिच्यावर येते. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा रस्त्यावर चालताना बरे वाटते, पण अंगणात पाऊल टाकले की भिंत आणि फरशी यांची धग रात्री नऊपर्यंत जाणवत राहते. सासूबाईंचे वय झाले आहे, त्यांना फार चालवत नाही; दिवसभरात बाहेर बसण्याची त्यांची हीच एक जागा आहे. शिवाय अक्षय्य तृतीयेच्या आधी चैत्रगौरीचे हळदीकुंकू अंगणातच करावे, अशी त्यांची फार इच्छा आहे.

आता झाडांविषयी. मोगऱ्याच्या तीन मोठ्या कुंड्या आहेत. जानेवारीत छाटणी करून, काही दिवस पाणी तोडून मग शेणखत घातले होते; त्यामुळे फुटवा उत्तम आला आणि कळ्याही भरपूर धरल्या. परंतु गेल्या आठवड्यापासून बऱ्याच कळ्या पांढऱ्या होण्याऐवजी जांभळट पडत आहेत आणि हात लावताच गळत आहेत. एक कळी नखाने उकलून पाहिली तेव्हा आत बारीक हिरवट अळी आणि काळपट भुसा दिसला. अनंताची कथा वेगळी आहे. त्याची शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्याच आहेत, आणि हरभऱ्याएवढ्या झालेल्या कळ्या न उमलताच तपकिरी होऊन पडतात. कुंडीच्या कडेला बाहेरून पांढरा थर जमला आहे.

पाण्याची स्थिती अशी की नळाला एक दिवसाआड पाणी येते, ते पिण्याला आणि घरकामाला लागते. बागेला बोअरचे पाणी देतो. ते जड आहे, बादलीतही पांढरे डाग राहतात. तेही उन्हाळ्यात जपूनच वापरावे लागते.

आणखी एक अडचण अशी, जी अडचण म्हणायलाही मन धजत नाही. मधुमालतीच्या वेलात बुलबुलाने घरटे केले असून जोडी आळीपाळीने ये-जा करते. त्या बाजूला काही बांधाबांध करावी की नाही, हे समजत नाही.

तर या भिंतीची धग कमी कशी करावी, मोगरा आणि अनंत या वर्षीच सावरतील का, आणि आहे त्या पाण्यात आधी कोणाला पाणी द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती. तात्पुरते उपाय आणि पुढच्या उन्हाळ्यासाठीची तयारी असे दोन्ही सांगितलेत तर फार बरे होईल.

प्रतिसाद (नागपूरहून)

ताई, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरीही आम्ही संध्याकाळी अंगणात बसतो. म्हणून सावलीविषयी थोडे लिहितो. मोगरा आणि अनंताविषयी माझ्यापेक्षा अधिक माहिती असलेले सांगतील.

तुमचा सगळा प्रश्न त्या भिंतीत आहे. भिंत दुपारभर ऊन पिते आणि संध्याकाळी ते परत देते. त्यामुळे संध्याकाळी केलेल्या उपायांचा फारसा उपयोग होत नाही, ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही. त्यासाठी ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी घ्यावी. यापेक्षा दाट जाळीखाली माणसाला बरे वाटते, पण मोगऱ्यासारखी उन्हाची झाडे कळ्या धरीत नाहीत. जाळी भिंतीला चिकटवून कधीही बांधू नये. भिंत आणि जाळी यांत किमान हातभर अंतर ठेवले म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. दोन बांबू पुढे रोवून जाळी तिरकी उतरवलीत तर भिंत आणि फरशी दोन्ही झाकली जातील, आणि पश्चिमेचा वाराही अडणार नाही, कारण खालचे चार-पाच फूट मोकळेच राहतात. गाठी मात्र सुटणाऱ्या ठेवा. वळवाचा वारा आला की जाळी शिडासारखी फुगते आणि बांबू उपटून काढते. आभाळ भरून आले की ती चटकन गुंडाळता आली पाहिजे.

फरशीवर नारळाच्या काथ्याच्या चटया टाकाव्यात. सूर्य मावळल्यावर अर्धी बादली पाण्याचा सडा त्या चटयांवर घालावा. उघड्या फरशीवर घातलेले पाणी क्षणात उडून जाते, काथ्या ते तासभर तरी धरून ठेवतो. बसण्याची जागा भिंतीपासून दूर, अंगणाच्या पश्चिम कडेला घ्या. आजींची खुर्ची तिथे ठेवून पाहा, फरक त्यांनाच सांगता येईल.

कुंड्या एकमेकींना लागून ठेवाव्यात, मोठ्या बाहेर आणि लहान आत. बाहेरच्या कुंड्यांना गोणपाट गुंडाळावे, कारण उन्हात तापलेल्या कुंडीच्या कडेची मुळे आधी भाजतात. कुंड्यांखालच्या बशा मात्र काढून टाका, त्यांत डास होतात आणि मग कितीही गारवा असला तरी कोणी बसत नाही. पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर ते रोज बदलावे.

पुढच्या वर्षासाठी म्हणाल तर जानेवारीच्या अखेरीस भिंतीपासून वीतभर अंतरावर मांडव करून दोडका किंवा घोसाळी लावा. एप्रिलपर्यंत पानांचा पडदा तयार होतो, आणि भाजीही मिळते.

प्रतिसाद (साताऱ्याहून)

माझी लहान रोपवाटिका आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी आलेली आहे. तुम्ही कळी उकलून पाहिली हे फार चांगले केले, कारण पुष्कळ लोक पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढवत राहतात. प्रथम सगळ्या जांभळट कळ्या आणि कुंडीत गळून पडलेल्या कळ्या रोजच्या रोज गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. त्या कंपोस्टात टाकू नयेत, कारण अळी तिथेही पूर्ण वाढते. एक लिटर कोमट पाण्यात आधी १ ते २ मिली द्रवरूप साबण आणि मग ५ मिली कडुनिंबाचे तेल चांगले घुसळून, सूर्य मावळल्यावर फवारावे आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. भर उन्हात तेल फवारल्यास पाने करपतात, आणि त्या वेळी मधमाश्याही फिरत असतात. अळी कळीत शिरल्यावर तेलाचा उपयोग नसतो, म्हणून लहान हिरव्या कळ्या दिसू लागताच फवारणी झाली पाहिजे. हा बहर निम्मा हाती लागेल. तो ओसरला की फुले येऊन गेलेले शेंडे दोन पेरे खाली खुडा, म्हणजे नव्या फुटव्यावर जूनपर्यंत दुसरा बहर मिळतो. मोगरा नेहमी नव्या फुटीवरच फुलतो.

अनंताला रोग झालेला नाही, त्याला लोह मिळत नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कुंडीत साठले की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि नवी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. तुम्ही सांगितलेला पांढरा थर हेच दाखवतो. खात्री करायची असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. बाजारात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह मिळते, त्यातले ईडीडीएचए प्रकारचे मागून घ्या, कारण चुनखडीच्या मातीत तेच टिकते. पाकिटावर दिलेल्या प्रमाणात ते मातीतून द्यावे. नवी पाने हिरवी निघू लागतील. जुनी पिवळी पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही, त्यांची काळजी करू नका.

कळ्या तपकिरी पडण्याचे कारण बहुधा कोरडी गरम हवा आणि कमी-जास्त होणारे पाणी हे आहे. तरी एक पान पांढऱ्या कागदावर झटकून पाहा. बारीक लाल ठिपके पडून चालू लागले तर लाल कोळी आहे. तसे असल्यास पानांच्या खालच्या बाजूने रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा, कोळ्याला ओलावा मानवत नाही. कुंडी सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी हलवा. आता मातीची अदलाबदल करू नका. पावसाळा लागला की लाल माती, कोकोपीट आणि कुजलेला पालापाचोळा घेऊन नव्या कुंडीत लावा, आणि पावसाचे पाणी पिंपात साठवून ते फक्त अनंतासाठी राखून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लिंबू पिळल्यावर मातीला लगेच फेस आला. कागदावर काही चालताना दिसले नाही, त्यामुळे कोळी नसावा. खुर्ची पश्चिमेच्या कडेला हलवली असून सासूबाई काल दिवेलागणीनंतरही बराच वेळ तिथे बसल्या होत्या.

दोन गोष्टी राहिल्या. जाळीचे एक टोक मधुमालतीवरून न्यावे लागेल. घरट्याला त्रास होईल का? आणि सकाळी साधारण चार बादल्या पाणी असते, ते कसे वाटावे? तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी वेगळे मिळते.

प्रतिसाद (नागपूरहून)

ताई, घरट्याच्या बाजूला तूर्त काहीच बांधू नका. बुलबुलाची अंडी उबून पिल्ले उडून जाईपर्यंत साडेतीन ते चार आठवडे लागतात. ये-जा करण्याची वाट झाकली गेली तर जोडी घरटे सोडून देते. जाळी सध्या भिंतीच्या दुसऱ्या टोकापासून मधल्या बांबूपर्यंतच न्या. मधुमालतीची स्वतःची सावली त्या कोपऱ्याला पुरेशी आहे. हळदीकुंकवाच्या दिवशीही बायकांची बैठक त्या कोपऱ्यापासून लांब मांडावी.

पाण्याचे म्हणाल तर मोगरा पहिला, कारण कळ्यांच्या दिवसांत त्याला ओढ सोसत नाही. पहाटे प्रत्येक कुंडीला तळापर्यंत पोहोचेल इतके पाणी एकदाच द्या, दोनदा थोडे थोडे देऊ नका. अनंताला तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी द्यावे, त्यात मीठ गेलेले नसले म्हणजे झाले. नळाचे तांब्या-दोन तांबे वाचले तर तेही त्यालाच. मधुमालती जमिनीत असल्याने तिला तीन-चार दिवसांनी एकदा भरपूर दिले तरी चालते. तिच्या बुंध्यापासून हातभर लांब, रंग न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा आणि वर झाकण ठेवा. माती कोरडी होईल तसतसे पाणी पाझरते. हे कामही पिल्ले उडाल्यानंतरच करा. चाफ्याला फार पाणी लागत नाही, आठवड्याला एकदा पुरे.

भुईचाफ्याची जागा मात्र आताच खुणेच्या काड्या रोवून ठेवा. त्याचे फूल पानांच्या आधी उघड्या मातीतूनच वर येते, आणि बांबू रोवताना किंवा बैठक मांडताना त्या कंदावर नेमका पाय किंवा पहार पडते. उरलेल्या मातीवर चार बोटे पालापाचोळा पसरा, पण भुईचाफ्यावर तो अगदी विरळ असू द्या.